धूमकेतूची वाट

युद्धाच्या हकीकती वाचताना एक वाक्य आपल्या नजरेखालून वारंवार जाते : ‘विमान शत्रूच्या मुलखात कोसळले, परंतु वैमानिक निसटला.’ वाक्य लहान आहे, सरळ आहे, आणि व्याकरणाच्या दृष्टीने त्यात खोट काढावी असे काही नाही. पण दुसऱ्या महायुद्धातल्या बेल्जियम आणि फ्रान्समधल्या हकीकती आम्ही जसजशा वाचीत गेलो, तसतसे या वाक्याचा कर्ताच चुकला आहे असे आम्हांला वाटू लागले. वैमानिक बहुधा निसटत नसे. त्याला कोणीतरी सोडवीत असे. हा ‘कोणीतरी’ कोण, त्याने काय केले आणि त्याला त्याची किंमत काय पडली, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम त्या वैमानिकाची अवस्था नीट डोळ्यांसमोर आणली पाहिजे. ब्रिटनची बाँबफेकी विमाने बहुतांशी रात्री जात. लँकॅस्टर जातीच्या विमानात सात माणसे असत. त्या दलात उड्डाणे करणाऱ्या सुमारे सव्वा लाख माणसांपैकी ५५,५७३ माणसे मृत्यू पावली आणि दहा हजारांच्या आसपास जर्मनांच्या कैदेत पडली. विमान पेटल्यावर हवाई छत्रीने उडी घेऊन जो जिवंत जमिनीवर आला, तो या हिशेबात आधीच भाग्यवान. पण जमिनीवर आल्या क्षणापासून त्याचे वैमानिकपण संपलेले असे. अनोळखी शेत, काळोख, मुरगळलेला पाय, अंगावर परक्या सैन्याचा गणवेश, आणि तोंडात अशी भाषा की जिचा एक शब्द उच्चारताच घात व्हावा!

अशा माणसांसाठी ब्रिटनने १९३९ च्या डिसेंबरात एक खाते उघडले होते. त्याचे नाव एम. आय. ९. या खात्याच्या युक्त्यांचे वर्णन मोठ्या चवीने केले जाते आणि ते खोटे नाही. घडी घातली तरी आवाज न करणारे, पाण्याने न विरघळणारे रेशमी कापडावरचे नकाशे; गणवेशाच्या गुंडीत दडवलेले होकायंत्र; एका चपट्या डबीत दुधाच्या वड्या, झोप उडवणाऱ्या गोळ्या, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या आणि पाणी साठवायला रबरी पिशवी. पुढे पुढे तर बूट असे निघाले की वरचा भाग कापून टाकला म्हणजे खाली साधा शहरी जोडा उरावा. पण या डबीतले अन्न दोन दिवसांचे. नकाशा आणि होकायंत्र दिशा सांगत; रस्त्यावरचा पहारा कोठे आहे, कोणत्या गाडीत तपासणी होते, कोणता शेजारी चहाडखोर आहे, हे सांगत नसत. म्हणून त्या खात्याची खरी शिकवण अगदी साधी होती : छत्री पुरून टाका, पेटलेल्या विमानापासून दूर जा, कारण जर्मन प्रथम तिकडेच येणार, आणि मग एखादे एकाकी, गरिबाचे घर पाहून किंवा गावच्या धर्मगुरूला गाठून मदत मागा.

म्हणजे सगळी शास्त्रीय तयारी शेवटी एका दारापाशी येऊन थांबत असे. दार उघडणाऱ्याने पुढे काय करावे, याची शिकवण कोणत्याही खात्याने दिलेली नव्हती.

दार उघडणाऱ्याला कायदा मात्र ठाऊक होता. सप्टेंबर १९४१ मध्ये फ्रान्समधल्या जर्मन सेनाधिपतीने भिंतीभिंतींवर जाहीरनामा लावला. शत्रूच्या विमानातून उतरलेल्या माणसाला जो पुरुष प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मदत करील, त्याला जागच्या जागी गोळी घातली जाईल. स्त्री असेल तर तिची रवानगी जर्मनीतल्या छळछावणीत होईल. आणि जो अशा वैमानिकाला पकडून देईल त्याला दहा हजार फ्रँकपर्यंत इनाम मिळेल. आता याच्या शेजारी १९२९ चा जिनीव्हाचा करार ठेवून पाहा. वैमानिक पकडला गेला तर तो युद्धकैदी. त्याला कुंपणात ठेवायचे, खायला द्यायचे, पत्रे लिहू द्यायची. एकाच खोलीत दोघे सापडले, तर पाहुण्याला छावणी आणि यजमानाला बंदुकीची गोळी, असा हा हिशेब होता. वैमानिकाचे संरक्षणही पुरते अभेद्य नव्हते, हेही सांगितले पाहिजे. साध्या कपड्यांत सापडलेल्या १६८ वैमानिकांना १९४४ च्या ऑगस्टमध्ये गेस्टापोने युद्धकैदी न मानता बुखेनवाल्डच्या छळछावणीत धाडले होते. दोघे तेथे मेले. बाकीच्या बहुतेकांना दोन महिन्यांनी युद्धकैद्यांच्या छावणीत हलवण्यात आले. यजमानांसाठी अशी हलवाहलव करणारे कोणी नव्हते.

एवढे असूनही दारे उघडली गेली. का, याचे उत्तर एका मुलीच्या चरित्रातून थोडेफार मिळते.

आंद्रे द याँग ही ब्रुसेल्सच्या स्खारबेक भागातल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांची मुलगी. जन्म १९१६ चा. घरी तिला देदे म्हणत. व्यवसाय जाहिरातींची चित्रे काढण्याचा, आणि शिक्षण घेतले होते शुश्रूषेचे. याच स्खारबेकमध्ये १९१५ साली एडिथ कॅव्हेल या इंग्रज परिचारिकेला जर्मनांनी गोळी घातली होती. अपराध एवढाच की दोस्तांच्या सैनिकांना तिने हॉलंडच्या वाटेने बाहेर काढले. देदे त्या कथेवर वाढली. १९४० साली बेल्जियम पडले, तेव्हा मागे राहिलेल्या जखमी इंग्रज सैनिकांची शुश्रूषा करता करता त्यांना लपवायचे कोठे आणि पाठवायचे कसे, हा प्रश्न तिच्यापुढे आला. घरे मिळाली, पण घरात माणूस किती दिवस ठेवणार? बाहेर काढण्याची वाट पाहिजे. उत्तरेला समुद्र बंद. उरला स्पेन, म्हणजे पॅरिस ओलांडून, सगळा फ्रान्स उभा चिरून, पिरेनीज पर्वतापलीकडे.

तिच्याबरोबर अर्नोल्द देप्पे नावाचा जोडीदार होता. पहिल्या खेपेला त्यांनी काही माणसे सरहद्दीपार सोडली आणि ती स्पॅनिश पोलिसांच्या हाती पडली. दुसऱ्या खेपेला, १९४१ च्या ऑगस्टमध्ये, देप्पे आपल्या तुकडीसह वाटेतच पकडला गेला. देदे दुसऱ्या मार्गाने निघालेली. ती पुढे गेली. एक इंग्रज सैनिक आणि दोन बेल्जियन यांना घेऊन ती डोंगर उतरली आणि बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत जाऊन उभी राहिली. तेथील अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना. चोवीस वर्षांची, अंगाने किरकोळ मुलगी सांगते की मी ब्रुसेल्सहून चालत आणि गाडीने आले, आणखी माणसे आणून देईन, तुम्ही फक्त खर्च द्या! ही जर्मनांची हेर तर नव्हे, असा संशय लंडनमध्येही घेतला गेला. पुष्कळ दिवसांनी होकार आला. पण तिची एक अट होती आणि ती आम्हांला फार महत्त्वाची वाटते : पैसा तुमचा, माणसे तुमची, वाट मात्र आमची राहील. हुकूम लंडनचा चालणार नाही. हेरगिरीचे काम या वाटेवर मिसळायचे नाही. पुढे या वाटेला ‘कोमेत’ म्हणजे धूमकेतू हे नाव पडले, ते माणसे पोहोचवण्याच्या तिच्या वेगावरून. तिचे लॅटिन ब्रीद होते, ‘लढा, पण वार करू नका’.

वाटेचे टप्पे असे. बेल्जियमच्या खेड्यात सापडलेला वैमानिक हातोहात ब्रुसेल्सला यावयाचा. तेथे त्याची उलटतपासणी होई, कारण वैमानिकाचे सोंग घेऊन जर्मन हेर येत. त्याचे विमान, त्याचा तळ, त्याच्या गावच्या गोष्टी, त्याच्या सैन्यातली बोलीभाषा, सगळे विचारले जाई. मग कपडे, छायाचित्र, खोटे ओळखपत्र. भाषा येत नाही म्हणून पुष्कळांना कागदोपत्री मुके-बहिरे करीत. ब्रुसेल्सहून पॅरिस, पॅरिसहून रात्रीच्या गाडीने दक्षिणेला बायोनकडे. गाडीत सोबत बहुधा एखादी तरुण मुलगी. ती ओळख दाखवीत नसे, फक्त ती उठली की त्याने उठायचे. बायोनजवळ अँग्ले गावी एल्व्हीर द ग्रीफ नावाच्या बाई होत्या, त्यांना सगळे ‘तांत गो’, म्हणजे गोमावशी, म्हणत. तेथून पुढची व्यवस्था या मावशींच्या घरची.

या प्रवासात घात होई तो फार क्षुल्लक गोष्टींनी. अमेरिकन मुलगा खिशात हात घालून भिंतीला टेकून उभा राही. तसे फ्रेंच शेतकरी उभा राहत नाही. मांस कापून झाले की काटा डाव्या हातातून उजव्या हातात घेई. दोन सैनिक शेजारी चालू लागले की नकळत पावलात पाऊल पडे. खिशात राहिलेल्या इंग्रजी तंबाखूचा वास डब्यात सुटे. बेल्जियमच्या शिधापत्रिकेवर वाढलेल्या माणसांत हे सहा फुटी, गुबगुबीत गालांचे तरुण नुसते उभे राहिले तरी डोळ्यांत भरत, आणि त्यांच्या मापाचे जोडे मिळवणे ही यजमानांची कायमची डोकेदुखी होती. ज्या घरात तीन माणसांचा शिधा, तेथे चौथ्याचे पोट भरायचे, म्हणजे काळ्या बाजारात जायचे. आणि काळ्या बाजारात जाणाऱ्या बाईकडे शेजाऱ्यांचे लक्ष जायचे. वीरश्रीच्या वर्णनात जोडे आणि बटाटे येत नाहीत. पण सगळा डोलारा त्यांच्यावर उभा होता. या कामातल्या कार्यकर्त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून पुष्कळ अधिक होते. युद्धाच्या काळात घर चालवण्याची विद्या हीच येथे युद्धविद्या झाली होती, तेव्हा यात नवल नाही.

शेवटचा टप्पा पर्वताचा. उरून्य गावच्या एका शेतघरातून रात्री निघायचे. वाटाड्या फ्लोरेन्तिनो गोइकोएचेआ, जातीने बास्क, धंद्याने सरहद्दीवरचा चोरटा व्यापारी. बास्क भाषेवाचून त्याला धड काही बोलता येत नसे. पण काळोखात पायवाट त्याच्या तळव्यांना दिसत असे, आणि ठरावीक झुडपांखाली त्याने दारूच्या बाटल्या दडवून ठेवलेल्या असत. थकलेल्या वैमानिकाला तो खुशाल पाठीवर घेई. खाली बिदासोआ नदी. तिच्या पलीकडे स्पेन. नदी उतरलेली असेल तर कमरेइतक्या पाण्यातून जायचे; पूर असेल तर पुलाकडून लांबचा फेरा. १९४३ च्या डिसेंबरात ती ओलांडताना वाटेचा त्या वेळचा एक प्रमुख, आंत्वान द्युर्सेल, आणि एक अमेरिकन वैमानिक असे दोघे वाहून गेले. फ्लोरेन्तिनोला पुढे १९४४ च्या जुलैमध्ये पायाला गोळ्या लागून अटक झाली, तेव्हा गोमावशींच्या माणसांनी जर्मन पोलिसांचे सोंग घेऊन त्याला बायोनच्या रुग्णालयातून उचलून आणले! युद्धानंतर इंग्रजांनी त्याला पदक दिले. त्या प्रसंगी व्यवसाय विचारला असता ‘आयात-निर्यात’ असे उत्तर त्याने दिले, असे सांगतात.

देदेने स्वतः या वाटेने सुमारे ११८ माणसे पोहोचवली. त्यांत ऐंशीहून अधिक वैमानिक होते. १५ जानेवारी १९४३ रोजी पावसाने बिदासोआ फुगली, म्हणून ती तीन वैमानिकांसह उरून्यच्या शेतघरात थांबली. कोणीतरी चुगली केली होती. वैमानिक, देदे आणि घरची मालकीण फ्रांचिया उसांदिसागा, सगळीच पकडली गेली. वैमानिक कैदेत गेले. फ्रांचिया १९४५ च्या एप्रिलमध्ये रावेन्सब्र्यूकच्या छळछावणीत मेली. ती तीन मुलांची आई होती. देदेची तपासणी वीसएक वेळा झाली. वडिलांवरचा संशय टळावा म्हणून तिने अखेर खरे ते सांगून टाकले, की या वाटेची प्रमुख मीच. जर्मनांना ते पटेना! एवढीशी मुलगी हे करू शकेल, हे बिल्बाओच्या इंग्रजांना जसे पटले नव्हते तसेच यांनाही पटले नाही. त्या अविश्वासानेच तिचे प्राण वाचले. वडिलांचे वाचले नाहीत. मुख्याध्यापक फ्रेदेरिक द याँग जून १९४३ मध्ये पॅरिसला पकडले गेले आणि २८ मार्च १९४४ रोजी त्यांना गोळी घालण्यात आली.

त्यांना पकडून देणारा इसम वाटेतलाच एक विश्वासू वाटाड्या म्हणून मिसळलेला होता. त्याआधी १९४२ च्या नोव्हेंबरात ब्रुसेल्सच्या मारेशाल कुटुंबाच्या घरी दोन ‘अमेरिकन वैमानिक’ आले होते. बाईंनी त्यांना जेवू घातले. त्यांच्या बोलण्याचा संशय आला, पण तोवर उशीर झाला होता. त्याच घरात त्यांनी पिस्तुले रोखली. त्या एका प्रसंगातून शंभराच्या आसपास माणसे धरली गेली, आणि घरधनी जॉर्ज मारेशाल यांना पुढे गोळी घालण्यात आली. दार उघडणाऱ्याला एवढी शिक्षा, आणि दार ठोठावणारा खरा की खोटा याचीही खात्री नाही. तरी वाट थांबली नाही. एक प्रमुख पडला की दुसरा उभा राही. १९४४ च्या उन्हाळ्यात आगगाड्यांची वाट बाँबवर्षावाने तुटली, तेव्हा फ्रान्समधल्या फ्रेतव्हालच्या जंगलातच तंबू ठोकून शंभराहून अधिक वैमानिक दोस्त सैन्य येईपर्यंत लपवले गेले.

येथे एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. सोडवलेला वैमानिक घरी जाऊन स्वस्थ बसावा म्हणून सोडवला जात नव्हता. तयार वैमानिक घडवायला एक वर्षाहून अधिक काळ आणि अतोनात पैसा लागे. म्हणूनच तो परत हवा असे. आणि बाँब काही नकाशात दाखवल्याप्रमाणे पडत नसत. ५ एप्रिल १९४३ रोजी अँटवर्पजवळ मोर्टसेल येथे अमेरिकन विमाने एका कारखान्यावर आली. बाँब वस्तीवर आणि शाळांवर पडले. ९३६ नागरिक मेले, त्यांत २०० हून अधिक मुले होती. त्याच बेल्जियममध्ये त्यानंतरही अमेरिकन वैमानिकांना दारे उघडीच मिळत राहिली. हे औदार्य म्हणावे, राजकीय शहाणपण म्हणावे, की जर्मनांविषयीचा संताप म्हणावा, यावर वाद होऊ शकेल. आमच्या मते त्या घरांतल्या माणसांनी दोन हिशेब निरनिराळे ठेवले होते : आकाशातले विमान हा एक, आणि अंगणात थरथरत उभा असलेला वीस वर्षांचा मुलगा हा दुसरा.

कोणी असे म्हणेल, की वैमानिक धाडसी असेल तर तो एकट्याच्या बळावर का नाही सुटणार? याला आपल्याकडचेच उदाहरण आहे, आणि ते कमी धाडसाचे मुळीच नाही. १९७१ च्या युद्धात आपल्या वायुदलातले दिलीप परुळकर यांचे सुखोई विमान १० डिसेंबरला पाकिस्तानात पाडले गेले. रावळपिंडीच्या छावणीत त्यांनी काही महिने तयारी केली, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सहकाऱ्यांसह कोठडीच्या भिंतीला भोक पाडून ते बाहेर पडले. तिघे बसने पेशावरला पोहोचले, तेथून जमरूद, तेथून लंडी कोतल. अफगाणिस्तानची सरहद्द चार-पाच मैलांवर राहिली. त्यांच्याजवळच्या नकाशात पुढचे रेल्वे स्थानक लंडी खाना असे होते. त्यांनी तिकडची वाट विचारली. ते स्थानक इंग्रजांनी १९३२ सालीच बंद केले होते! चाळीस वर्षांमागे बंद पडलेल्या स्थानकाची वाट विचारणारा माणूस स्थानिक नव्हे, हे ओळखायला कोणी हेर लागत नाही. तिघेही धरले गेले; १ डिसेंबर १९७२ रोजी बाकीच्या युद्धकैद्यांबरोबर ते वाघ्याच्या वाटेने मायदेशी परतले. त्यांच्या धैर्यात, तयारीत, हुशारीत काय उणे होते? उणा होता तो त्या गावातला एक फ्लोरेन्तिनो. जो नकाशाकडे न पाहता नुसते ‘इकडून’ म्हणाला असता, असा एक माणूस.

धूमकेतूच्या वाटेचा जमाखर्च सांगितला जातो तो असा. सुमारे आठशे माणसांना मदत मिळाली. त्यांतली २८८ वैमानिक पिरेनीज ओलांडून गेले. मदत करणारे सुमारे तीन हजार. त्यांपैकी सातशेच्या आसपास पकडले गेले आणि २९० गोळीने किंवा छावण्यांत मेले. हे आकडे आम्ही दोनदा ताडून पाहिले, कारण पहिल्या वाचनात डावी-उजवी बाजू उलटी छापली गेली असावी असे वाटते.

परतलेल्या वैमानिकांनी युद्ध संपताच एक संस्था काढली आणि मदत करणाऱ्यांच्या विधवांना, मुलांना, आजाऱ्यांना साहाय्य करीत ती १९९५ पर्यंत चालवली. देदे रावेन्सब्र्यूक आणि माउटहाउझेन या दोन्ही छावण्यांतून जिवंत परत आली. १९४६ साली इंग्रजांनी तिला जॉर्ज पदक दिले. त्यानंतर तिने शुश्रूषेचे शिक्षण पुरे केले आणि आफ्रिकेची वाट धरली. बेल्जियन काँगो, कॅमेरून, इथिओपिया, सेनेगल अशा ठिकाणी ती वर्षानुवर्षे कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयांत काम करीत राहिली. १९८५ मध्ये बेल्जियमच्या राजाने तिला काउंटेस ही पदवी दिली. १३ ऑक्टोबर २००७ रोजी ब्रुसेल्समध्ये ती वारली, तेव्हा तिचे वय नव्वद वर्षांचे होते.